सुबाभूळ : उपयोग, लागवड आणि मर्यादा



उष्ण प्रदेशातील शेंगा धरणाऱ्या वृक्षांपैकी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याच्याविषयी अतिशय आशेने बोलले गेले आणि पुढे थोड्याच वर्षांत ज्याच्याविषयी तितक्याच जोराने तक्रारी झाल्या, असा एक वृक्ष म्हणजे सुबाभूळ. कोणी त्याला चमत्कारी वृक्ष म्हटले, कोणी उपद्रवी तण म्हटले. शेतकऱ्याला मात्र अशा विशेषणांचा काही उपयोग नसतो. आपल्या जमिनीत हे झाड लावावे की नाही, लावलेच तर कोठे, किती आणि कशासाठी, एवढेच त्याला ठरवायचे असते. त्या प्रश्नांचे उत्तर शोधायचे, तर या झाडाचे मूळ, त्याचा प्रवास आणि त्याचा स्वभाव यांची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

सुबाभूळ ओळखणे कठीण नाही. तिची पाने बाभळीसारखी बारीक पर्णिकांची, पिसासारखी दुहेरी विभागलेली असतात. बाभळीच्या फुलांचे गोंडे पिवळे असतात, सुबाभळीचे पांढरे. फुलोऱ्यानंतर चपट्या, वीतभर लांबीच्या शेंगांचे घोस लागतात. पिकल्यावर त्या तपकिरी होतात आणि वाऱ्याने खुळखुळतात. झाडाला काटे नसतात आणि गुरांना ते आवडण्याचे हे एक कारण आहे. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव ल्युसीना ल्युकोसिफला असे आहे. ल्युकोसिफला म्हणजे पांढऱ्या डोक्याची. हे नाव तिला फुलांच्या गोंड्यांवरून मिळाले.

या वृक्षाची जन्मभूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिका ही होय. तेथील लोक याच्या व याच्या जातभाईंच्या शेंगा प्राचीन काळापासून खात आले आहेत. त्या शेंगांना तिकडे ग्वाहे म्हणतात. मेक्सिकोतील ओआहाका या राज्याचे नावच ग्वाह्यांच्या झाडांवरून पडले आहे. एखाद्या मुलखाला झाडाचे नाव मिळावे, याचा अर्थ ते झाड तेथील जीवनात खोलवर रुजलेले असले पाहिजे. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावे पडली ती याच रीतीने.

१५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत स्पॅनिश जहाजे मेक्सिकोचे आकापुल्को बंदर आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्या दरम्यान ये-जा करीत असत. त्या व्यापाराच्या काळात हे झाड पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपिन्समध्ये पोहोचले. तेथे त्याला इपिल-इपिल म्हणू लागले. इंडोनेशियात ते लामतोरो झाले आणि कॉफी, कोको यांसारख्या पिकांना सावली देण्यासाठी मळ्यामळ्यांतून लावले गेले. हवाई बेटांवर त्याला ‘परका कोआ’ अशा अर्थाचे नाव मिळाले. कोआ हा त्या बेटांवरचा मूळ वृक्ष. नवा पाहुणा त्याच्यासारखा दिसतो, पण आपला नव्हे, हे तेथील लोकांनी नावातच नोंदवून ठेवले.

या प्रवासातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जगभर पसरला तो या वृक्षाचा एकच झुडपी प्रकार. ही जात बव्हंशी स्वपरागसिंचित असल्यामुळे एका झाडाची संतती जवळजवळ त्याच झाडासारखी निपजते. साहजिकच आशियाच्या आणि पॅसिफिक बेटांच्या हजारो मैलांच्या पट्ट्यात वाढणारी ही झाडे एका ठशाची होती. शिवाय ती आली ती केवळ बियांच्या रूपाने. मायदेशी तिच्यावर जगणारे कीटक, त्या कीटकांवर जगणारे दुसरे कीटक, तिचा पाला पचवणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू, हा सारा परिवार मागेच राहिला. पुढे ज्या अडचणी आल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ या ताटातुटीत सापडते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर या शास्त्रज्ञाने मेक्सिको व मध्य अमेरिकेतून या वृक्षाच्या अनेक प्रकारांचे बी जमवून त्यांची पद्धतशीर पाहणी केली. तिच्यातून तीन मुख्य गट स्पष्ट झाले. पहिला हवाई गट : झुडपी, लवकर फुलणारा, भरमसाट बी देणारा. दुसरा साल्वादोर गट : उंच, सरळ खोडाचा, पंधरा-वीस मीटरपर्यंत वाढणारा. तिसरा पेरू गट : मध्यम उंचीचा, बुंध्यापासून फांद्या फुटणारा, म्हणून चाऱ्याला सोयीचा. उंच गटातील के-८, के-२८, के-६७ हे वाण पुढे जगप्रसिद्ध झाले. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या वृक्षावर एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला आणि उष्ण प्रदेशांतील अनेक सरकारांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

भारतात झुडपी प्रकार त्याच्या पुष्कळ आधी आला होता आणि कुबाभूळ या नावाने काही ठिकाणी परिचित होता. उंच वाणांचा प्रसार झाला तो मात्र १९७० नंतरच्या दशकात, आणि त्यात पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन या गावाचा वाटा मोठा आहे. १९४६ साली गांधीजींनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याची जबाबदारी मणिभाई देसाई यांच्याकडे आली. मणिभाईंनी १९६७ साली भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे ‘बाएफ’, ही संस्था स्थापन केली. लहान शेतकऱ्याच्या दारी संकरित गाय बांधली जावी, हा या संस्थेचा एक प्रमुख कार्यक्रम होता. पण अधिक दूध देणारी गाय अधिक आणि सकस चारा मागते. ज्याच्याजवळ दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने उन्हाळ्यात हिरवा चारा आणायचा कोठून? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून संस्थेने उंच वाणाचे बी आणवून त्याचा प्रसार केला. ‘कु’ जाऊन ‘सु’ आला आणि सुबाभूळ हे नाव देशभर रूढ झाले.

आता उपयोगांचा विचार करू.

पहिला आणि सर्वांत मोलाचा उपयोग चाऱ्याचा. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात सामान्यतः २० ते २५ टक्के प्रथिने असतात. म्हणजे लसूणघासाच्या तोडीचा हा चारा आहे. ज्वारीच्या कडब्यात किंवा भाताच्या पेंढ्यात प्रथिने फार थोडी असतात. अशा कोरड्या वैरणीला सुबाभळीच्या पाल्याची जोड दिली, तर जनावर ती वैरणही अधिक चांगली पचवते. शिवाय या झाडाचे सोटमूळ खोल जाते. गवत करपून गेल्यावरही झाडाला पाला राहतो, हे कोरडवाहू भागात फार महत्त्वाचे आहे. पाला वाळवून केलेली भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळली, तर अंड्यातील बलक चांगला पिवळा होतो.

परंतु या पाल्यात मिमोसीन नावाचे एक द्रव्यही असते. कोवळ्या शेंड्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. घोडा, डुक्कर, ससा अशा रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना हा पाला अधिक दिला, तर त्यांचे केस गळतात; घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडल्याची उदाहरणे पूर्वीपासून ठाऊक होती. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटात मिमोसीनचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते. हे द्रव्य गळ्यातील अवटु ग्रंथीच्या कामात अडथळा आणते. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ केवळ सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांना गलगंड झाला आणि त्यांचे वजन घटले. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र हाच पाला पोटभर खाऊन धडधाकट राहत.

हे कोडे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने सोडवले. फरक झाडात नसून जनावरांच्या पोटात असावा, असे त्यांचे अनुमान होते. ते अपायकारक द्रव्य फोडून टाकणारे जिवाणू हवाईतील शेळ्यांच्या पोटात असतात आणि ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात नसतात, असा त्याचा अर्थ. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी हवाईतील शेळ्यांच्या पोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील शेळ्यांना व गुरांना देण्यात आले आणि त्यांचा अपाय थांबला. कळपातील एका जनावराकडून हे जिवाणू दुसऱ्याकडे आपोआप जातात, असेही दिसून आले. १९९२ साली या जिवाणूचे शास्त्रीय नामकरण झाले, तेव्हा जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याला सिनर्जिस्टीस जोन्सी हे नाव देण्यात आले. अलीकडच्या संशोधनातून असेही पुढे आले आहे की, चाऱ्याची सवय झालेल्या जनावराचे यकृतही या द्रव्याचा बराचसा अपाय नाहीसा करते. असे असले तरी सामान्य पशुपालकाने जुना नियम सोडू नये. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक नसावा, तो हळूहळू वाढवीत न्यावा आणि गाभण जनावरांच्या बाबतीत विशेष जपावे.

माणसाच्या आहारातही या झाडाला जागा आहे. मेक्सिकोत कोवळ्या बिया कच्च्या किंवा शिजवून खातात. इंडोनेशियात बिया भिजवून, शिजवून आणि आंबवून त्यांचा खाद्यपदार्थ करतात. भिजवणे आणि शिजवणे या क्रियांनी मिमोसीनचे प्रमाण घटते. हे ज्ञान तेथील स्वयंपाकघरांत परंपरेने चालत आले आहे. ज्यांच्याकडे ती परंपरा नाही, त्यांनी उगाच प्रयोग करू नयेत.

दुसरा उपयोग जमिनीचा. शिंबी कुलातील इतर अनेक वनस्पतींप्रमाणे सुबाभळीच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. छाटलेला पाला जमिनीत मिसळला की तो लवकर कुजतो आणि नत्र पिकाला मिळते. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर हॅरल्ड वॉटसन यांनी उताराच्या जमिनीसाठी १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत बसवली. समपातळीच्या रेषांवर सुबाभळीच्या दाट दुहेरी ओळी लावायच्या, त्या वारंवार छाटून पाला मधल्या पट्ट्यातील पिकांना घालायचा. पावसाने वाहून येणारी माती या जिवंत बांधाला अडते आणि काही वर्षांत आपोआप पायऱ्या तयार होतात. या कार्याबद्दल वॉटसन यांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मणिभाई देसाई यांना तो १९८२ मध्येच मिळाला होता. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरही धूप झालेल्या डोंगरउतारांवर लामतोरोच्या ओळी मोठ्या प्रमाणावर लावल्या गेल्या. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेत झाडांच्या ओळींमध्ये मका घेण्याचे प्रयोग झाले. मात्र पाऊस कमी असेल तेथे झाड आणि पीक यांच्यात पाण्यासाठी स्पर्धा लागते. दख्खनच्या कोरडवाहू शेतात म्हणूनच ही ओळ पिकात न आणता बांधावर ठेवणे बरे.

तिसरा उपयोग लाकडाचा. सरपणासाठी हे लाकूड चांगले जळते, धूर बेताचा होतो आणि छाटलेल्या बुंध्याला पुन्हा जोमाने फुटवे येतात. एकदा लावलेले झाड अशा रीतीने वर्षानुवर्षे सरपण देते. डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या स्त्रीला घराच्या कुंपणाशीच जळण मिळाले, तर तिच्या दिवसाचे काही तास वाचतात. कोणत्याही हिशेबात हा लाभ सहसा धरला जात नाही. कागदाच्या लगद्यासाठीही हे लाकूड उपयुक्त आहे. आंध्र प्रदेशातील प्रकाशम, गुंटूर, कृष्णा या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी या कारणासाठी सुबाभूळ मोठ्या क्षेत्रावर लावली. तीन-चार वर्षांत तोड मिळते, मजूर कमी लागतात, हे तिचे आकर्षण. पण लगद्याच्या लाकडाला गिऱ्हाईक मोजकेच असते आणि उभे झाड फार दिवस थांबवून ठेवता येत नाही. भावाविषयीची शेतकऱ्यांची गाऱ्हाणी तेथूनच उद्भवतात. ज्या मालाचे गिऱ्हाईक एकच, त्या मालावर सारी जमीन लावणे धोक्याचे, हा धडा या झाडापुरता मर्यादित नाही.

आता लागवडीविषयी.

सुबाभळीला ऊन हवे, निचऱ्याची जमीन हवी आणि ती शक्यतो चुनखडीयुक्त किंवा उदासीन असावी. सुमारे ६०० ते १७०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ती उत्तम वाढते. पाणी साचणारी जमीन, कडक दहिवर आणि विशेषतः आम्लधर्मी माती तिला सोसत नाही. कोकणातील किंवा ईशान्य भारतातील आम्ल जमिनीत ती खुरटते, तर दख्खनच्या काळ्या, निचऱ्याच्या जमिनीत सुखाने वाढते. पुष्कळ ठिकाणी अपयश आले ते या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

बियांचे कवच फार कठीण असते. तसेच पेरले तर काही बी या वर्षी उगवते, काही पुढच्या वर्षी. म्हणून पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून खाली उतरवावे, त्यात बी तीन-चार मिनिटे ठेवावे आणि नंतर थंड पाण्यात रात्रभर भिजू द्यावे. पाणी उकळत असताना बी फार वेळ ठेवले, तर अंकुरच मरतो. जेथे हे झाड पूर्वी लावलेले नाही, तेथे पेरणीपूर्वी योग्य जिवाणुसंवर्धक बियांना चोळावे. रोपे पिशव्यांत दोन-तीन महिने वाढवून पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. चाऱ्यासाठी दाट ओळी, लाकडासाठी दोन मीटरच्या आसपास अंतर, असा साधारण नियम आहे.

पहिले सहा महिने कसोटीचे असतात. पुढे झपाट्याने वाढणारे हे झाड आरंभी अगदी संथ वाढते आणि तणाखाली दबते. या काळात दोन-तीन खुरपण्या चुकवू नयेत. शेळ्यांपासून राखण तर अटळच. जो पाला गुरांना प्रिय, तो मोकाट गुरांनाही प्रियच असणार. रोप कमरेच्या वर गेल्यावर आणि खोड टणक झाल्यावरच पहिली छाटणी करावी. ती जमिनीलगत न करता अर्धा ते एक मीटर उंचीवर करावी. त्यानंतर पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांच्या अंतराने छाटणी करता येते. पाण्याची सोय आणि चांगली जमीन असेल, तर हेक्टरी दहा ते वीस टन वाळलेला चारा वर्षाला मिळू शकतो. माळरानावर तेवढी अपेक्षा धरू नये.

या गुणांमुळे १९८० नंतरच्या सामाजिक वनीकरणाच्या काळात सुबाभूळ देशभर लावली गेली. तोच तिच्यावर पहिले मोठे संकट आले. सिलिड नावाचा, मावा-तुडतुड्यांच्या नात्यातील एक बारीक कीटक मूळचा अमेरिकेतलाच. तो कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो. १९८४ साली तो हवाईत दिसला, १९८५ मध्ये फिलिपिन्समध्ये, १९८६ मध्ये इंडोनेशियात आणि १९८८ मध्ये भारतात येऊन पोहोचला. वाटेत त्याला अडवणारे कोणी नव्हते. सारी झाडे एका ठशाची असल्यामुळे एकाला जे झाले ते सर्वांना झाले. शेंडे करपले, पाला झडला. चाऱ्यासाठी याच झाडावर भिस्त ठेवलेल्या कुटुंबांना तो ऐन हंगामात मिळेना. पुढे या किडीवर जगणारा क्युरिनस नावाचा ढालकिडा ठिकठिकाणी सोडण्यात आला. १९८८ मध्येच तो थायलंडहून भारतातही आणला गेला. ल्युसीनाच्या इतर जातींशी संकर करून कीडप्रतिकारक वाणही तयार झाले. कीड आज नाहीशी झालेली नाही, पण पहिल्या वर्षांतील तो हाहाकार ओसरला आहे.

दुसरे संकट झाडाच्या स्वतःच्या सुपीकतेचे. झुडपी प्रकार वर्षभर शेंगा धरतो आणि त्याचे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. जेथे त्याला कोणी छाटत नाही, चारत नाही, तेथे तो दाट जाळी करतो आणि मूळच्या वनस्पतींना वाव देत नाही. २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या पुढाकाराने जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवजातींची यादी प्रसिद्ध झाली, तीत सुबाभळीचा समावेश आहे. म्हणून वने, अभयारण्ये, नदीकाठ आणि समुद्रबेटे येथे तिची लागवड करू नये. बांधावर लावलेल्या झाडांच्या शेंगा पिकण्यापूर्वी छाटणी व्हावी. हे काम कष्टाचे नाही, कारण चाऱ्यासाठी छाटणी करायचीच असते. ज्या बांधावर नेमाने विळा फिरतो, तेथे ही वनस्पती तण होत नाही. लावून विसरून जाणाऱ्याच्या जमिनीत मात्र ती होते.

या साऱ्या कहाणीतून एक विचार निघतो. झाड एका देशातून दुसऱ्या देशात नेणे सोपे असते. मूठभर बी पुरते. पण त्या झाडाचे मित्र आणि शत्रू त्या मुठीत मावत नाहीत. मित्र मागे राहिले म्हणून ऑस्ट्रेलियातील गुरे आजारी पडली. शत्रू मागे राहिले म्हणून झाड बेटांवर माजले. आणि त्यांतला एक शत्रू एकटाच मागाहून आला, तेव्हा त्याला आवर घालणारे कोणी उरले नव्हते. दोष झाडाचा नव्हता आणि ते ज्यांनी सद्‌हेतूने आणले त्यांचाही नव्हता. एकाच झाडाने चारा, सरपण, खत आणि पैसा या साऱ्या अडचणी सोडवाव्यात ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

म्हणून शहाण्या शेतकऱ्याने सुबाभूळ लावावी ती एकटी लावू नये. बांधावर तिच्या जोडीला हादगा असावा, शेवरी असावी, गिरिपुष्प असावे, आणि आपली जुनी बाभूळही असू द्यावी. एकावर कीड पडली तर दुसरे तारून नेते. एकाचा पाला जनावराला बाधला तर दुसऱ्याचा देता येतो. उन्हाळ्यात, गवताची काडीही मिळत नाही अशा दिवसांत, बांधावरच्या दहा-वीस झाडांचा हिरवा पाला दावणीला पडला, की त्या झाडाचे मोल कळते. तेवढे मोल त्याला द्यावे. अधिक दिले, तर पुन्हा निराशा पदरी येईल, आणि कमी लेखले, तर हाताशी असलेला एक चांगला चारा वाया जाईल.